मुद्दा क्रमांक एकतीस

चैत्रालीनं पॉज दाबलं आणि रिमोट टेबलावर आपटला. पडद्यावर पुलाच्या कठड्यावर बसलेला, हातात कंदील धरलेला पोरगा तोंड अर्धं उघडं ठेवून थिजला.

"ही तू नाहीस," ती म्हणाली.

कांचन सोफ्यावर मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही. एक काडी मोडली, पानं ताटलीत टाकली.

"आई, ऐकतेयस ना? हा तुझा तोमो नाही."

"मला पहिल्या वाक्यालाच कळलं. जाऊ दे की पुढे. मुलगी चांगली करतेय."

कांचनचं बोलणं ऐकायचं तर टीव्ही बंदच असावा लागे. तीन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, त्यात नस दुखावली आणि स्वरतंतू जुळेनासे झाले. मागे उरला तो नुसता श्वास, शब्दांचा आकार असलेला. फोनवर तो धड पोचत नसे, म्हणून चैत्राली रोज व्हिडिओ कॉल करून आईचे ओठ वाचायची. आता कांचन सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, रेडमंडला लेकीकडे आली होती आणि या अपार्टमेंटमध्ये सगळेच नकळत हळू बोलायला लागले होते.

"म्हणजे फसवलं यार?" ओट्यापाशी लॅपटॉप उघडून बसलेली सई म्हणाली. ती चैत्रालीची रूममेट, मूळची नागपूरची. "डब्यावर तर स्पष्ट लिहिलंय."

चैत्रालीनं डबा उचलून पुन्हा वाचला. काळा, जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा. सव्वीस भाग, चार डिस्क, विसाव्या वर्षाची खास आवृत्ती. मागच्या बाजूला भाषांच्या यादीत शेवटी लिहिलेलं होतं: मूळ हिंदी डब, जसाच्या तसा. त्या एका ओळीसाठी तिनं पाच महिने आधी नाव नोंदवलं होतं, आणि तो आईच्या समोर उघडायचा म्हणून आल्यावर आठ दिवस कपाटात ठेवला होता.

वीसेक वर्षांपूर्वी ही जपानी मालिका आपल्याकडे हिंदीतून लागायची, संध्याकाळी साडेपाचला. पुलावर राहणारा तोमो नावाचा एक भूत-पोरगा. आपण मेलोय हे ज्यांना कळलेलंच नाही असे जीव दिवेलागणीला त्या पुलावर यायचे आणि तोमो त्यांना कंदील दाखवत पलीकडे पोचवायचा. दहा वर्षांच्या त्या पोराचा आवाज मुंबईतल्या एका स्टुडिओत चौतीस वर्षांची कांचन द्यायची. टाचा उचलून, चवड्यांवर उभी राहून. तसं उभं राहिलं की आवाज आपोआप पोरगेला होतो, असं तिचं म्हणणं. शेवटी पाट्या यायच्या त्या जपानी कलाकारांच्या. हिंदीत कोण बोललं ते कुठंच नसायचं.

"काकू, मी ट्यूशन बुडवून बघायचे," सई म्हणाली. "मला तर वाटायचं, तोमो खरंच कुणीतरी मुलगा आहे. नाव शोधलं असतं तर लव्ह लेटर पाठवलं असतं."

कांचन हसली. हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलले.

चैत्राली हसली नाही. आईचा तोमो तिच्याकडे एकूण एक्केचाळीस सेकंद होता. कुणीतरी घरच्या टीव्हीवरून उतरवून इंटरनेटवर टाकलेला तुकडा, वर पंख्याची घरघर. फोनमध्ये ऑपरेशनआधीचे व्हॉइस मेसेज होते, पण त्यांत 'पोचलीस का' आणि 'स्वेटर घाल' एवढंच. ती आई होती. टाचा उचललेली कांचन त्यांत नव्हती. ती या डब्यात असायला हवी होती.

"परत पाठवणार हे," ती म्हणाली. "पण त्याआधी त्यांना दाखवते मी."

चैत्राली कानाची यंत्रं बनवणाऱ्या एका लहान कंपनीत ध्वनिचाचणीचं काम करायची. दाखवायचं म्हणजे काय, हे तिला नीट माहीत होतं. पुढचा आठवडाभर ऑफिसातून आली की ती हेडफोन चढवून बसे. सव्वीसच्या सव्वीस भाग तिनं दीडपट वेगानं ऐकले. एक्केचाळीस सेकंदांच्या त्या तुकड्यातला आवाज आणि डिस्कवरचा आवाज शेजारी शेजारी ठेवून आलेख काढले. मग तक्ता केला. भाग, मिनिट, सेकंद, दोष. एकूण चौतीस मुद्दे, गंभीर ते किरकोळ अशा क्रमानं. पहिला मुद्दा: डब्यावरचं विधान खोटं आहे. दुसरा: मुख्य पात्रांचे सगळे आवाज अलीकडे नव्यानं ध्वनिमुद्रित केलेले आहेत, पुरावा सोबत. सातवा: दुसऱ्या भागात तोमो म्हाताऱ्या भुताला तीन प्रश्न विचारतो, इथे दोनच आहेत. असं करत करत तिसाच्या पुढे ती अगदी बारीकसारीक गोष्टींवर आली होती.

"तू त्यांना मेल लिहितेयस की थीसिस सबमिट करतेयस?" सईनं तिच्या खांद्यावरून डोकावत विचारलं.

"तुला काय वाटतं, साध्या मेलला ते विचारतील?"

"याला पण नाही विचारणार. पण याला निदान घाबरतील."

एकदा जेवताना कांचन म्हणाली, "ते परत पाठवायच्या आधी मला तेवढा नववा भाग दाखव."

"नववा का?"

"जत्रेचा आहे तो. असंच."

"आई, डबा मी टेप लावून बंद केलाय. पुरावा आहे तो आता."

"टेप निघते की."

"मला ते घरात वाजायला नकोय!" चैत्रालीचा आवाज चढला. तिनं घास तसाच ताटात ठेवला. "तुझ्या तोंडचे शब्द दुसऱ्याच कुणाकडून म्हणवून घेतले आणि वर लिहिलं, जसाच्या तसा. तुला राग कसा येत नाही?"

कांचननं पाण्याचा घोट घेतला. लांब वाक्य बोलायचं असलं की ती आधी पाणी प्यायची.

"पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बोलले मी. तोंड त्यांचं, आवाज माझा. आता तोंड तेच, आवाज हिचा. धंदाच तो. ही पोर श्वास भलतीकडे घेते, पण मन लावून बोलते. तिच्यावर कशाला रागावू?"

"तिच्यावर कोण रागावतंय? कंपनीवर!"

"कंपनीनं मला तेव्हा तरी कुठं विचारलं होतं?"

एवढं बोलून ती थकली आणि भात कालवायला लागली. चैत्रालीनं मेल त्याच संध्याकाळी पाठवला. पाठवताना शेवटी एक वाक्य वाढवलं: ज्या कलाकारानं ही भूमिका घडवली, तिचा आवाज आता उरलेला नाही, हे आपल्याला माहीत असावं. मग ते वाक्य तिनं खोडलं. हा तक्ता होता, विनवणी नव्हती.

नऊ दिवसांनी शनिवारी उत्तर आलं. बाहेर सकाळपासून पिरपिर चालली होती. कांचन पुन्हा मेथी निवडत होती, इंडियन स्टोअरमधून सईनं दोन जुड्या जास्त आणल्या होत्या. सई ओट्यापाशी पाठमोरी चहा टाकत होती. चैत्रालीनं फोनवर मेल उघडला आणि उभ्या उभ्याच वाचायला लागली. वाचता वाचता तिचे कान लाल झाले.

"ऐका. 'आपल्यासारखे जाणकार रसिक हीच आमची ताकद.' हां. 'मुख्य कलाकारांच्या जुन्या टेप खराब झाल्यामुळे ते आवाज नव्यानं करून घ्यावे लागले. जसाच्या तसा हे शब्द अनुभवाला उद्देशून आहेत.' अनुभवाला! आई, अनुभवाला उद्देशून आहेत म्हणे!"

"पुढे वाच," सई म्हणाली. "पैसे परत करतायत का?"

"छे. 'मुद्दे एक ते तीस आणि बत्तीस ते चौतीस यांची आम्ही नोंद घेतली आहे.' नोंद घेतली आहे, म्हणजे कचऱ्यात. 'मुद्दा एकतीस मात्र आमच्या तंत्रज्ञांनी तपासला असून आपलं म्हणणं रास्त आहे.' घ्या. खून पाडला तो माफ, आणि चप्पल दाराबाहेर काढली नाही म्हणून दिलगीर."

"एकतीस काय होता?"

चैत्रालीनं आपला तक्ता उघडला. "भाग नऊ, चौदा मिनिटं बावीस सेकंद. जत्रेच्या गर्दीत मागे एका बाईची कुजबूज ऐकू येते, शब्द अस्पष्ट. बहुधा स्टुडिओतली गळती. निष्काळजीपणाचा नमुना." ती पुन्हा मेलकडे वळली. "'गर्दीचे आवाज जुन्याच टेपवरून घेतल्यामुळे हा दोष राहून गेला. सुधारित आवृत्तीत आम्ही गर्दीचा तो भाग बदलत आहोत. सर्व ग्राहकांना नवी डिस्क पाठवली जाईल. जुनी डिस्क सोबतच्या पाकिटातून परत करावी. ही चूक लक्षात आणून दिल्याबद्दल आपले विशेष आभार.' विशेष आभार! जखम मांडीला आणि मलम..."

ती थांबली. कांचनचा हात ताटलीवर थांबला होता. बोटांत मेथीची एक काडी तशीच होती.

"गर्दी जुनीच ठेवलीय?" कांचननं विचारलं.

"असं म्हणतायत."

"लाव."

"काय लावू?"

"नववा भाग. टेप काढ."

आईनं इतक्या कमी शब्दांत काही सांगितलं की वाद घालायचा नसतो, हे चैत्रालीला लहानपणापासून माहीत होतं. तिनं कात्रीनं टेप कापली, दुसरी डिस्क काढली, कडेनं धरून उजेडात पाहिली आणि प्लेयरमध्ये सरकवली.

पुलावर जत्रा भरली होती. कागदी दिवे, मुखवट्यांची दुकानं, ढोल. जिवंत माणसं आणि भुतं एकाच गर्दीत मिसळलेली, आणि तोमो सगळ्यांच्या डोक्यांवरून कंदील नाचवत चाललेला. नवी मुलगी त्याचं बोलणं बोलत होती. चैत्रालीनं दात आवळले. मग तिची नजर खाली गेली. सोफ्यावर बसलेल्या आईच्या टाचा जमिनीवरून अलगद उचललेल्या होत्या. तोमोचं वाक्य संपलं की त्या टेकत होत्या, पुढचं आलं की पुन्हा उचलत होत्या. श्वासही ती घेत होती, नवी मुलगी घेत होती त्याच्या जरा आधी.

चौदाव्या मिनिटाला गर्दीत एका लाल कपड्यांतल्या पोरीचा हात आईच्या हातातून सुटला. पोर पडद्याच्या कोपऱ्यात, तीनचार सेकंदांपुरती.

"माँ!" बारीक, चोंदलेला आवाज. "माँ, कहाँ हो?"

"सर्दी झाली होती तुला," कांचन म्हणाली.

चैत्रालीनं पॉज दाबलं. "कुणाला?"

"तुला. सहा वर्षांची होतीस. पाळणाघर बंद होतं म्हणून घेऊन गेले होते स्टुडिओत. क्राउडच्या, गर्दीच्या आवाजांना एक पोर कमी पडत होती. आमचा रेकॉर्डिस्ट त्र्यंबक म्हणाला, ही आहे की बसलेली, हिलाच उभी करू."

"मला आठवत नाही."

"कसं आठवेल? काचेच्या खोलीत एकटी उभं राहायला तयार नव्हतीस. तीन टेक नुसती रडलीस." कांचननं हातानंच पाणी मागितलं. चैत्रालीनं ग्लास दिला. "तुझा तो आवाज राहिला असेल की नाही, कुणास ठाऊक, म्हणून बोलले नाही. आपणच आशा लावायची आणि मग ते नसायचं."

"आणि ती कुजबूज?"

"ऐक ना. तूच शोधलीस."

चैत्राली दहा सेकंद मागे गेली. आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. या वेळी दीडपट वेग नव्हता. ढोल वाजले, दुकानदार ओरडले, आणि त्यांच्या खालून, लाल पोरीनं तोंड उघडायच्या अगदी आधी, कुणीतरी तिच्या मागे गुडघ्यांवर बसून बोलल्यासारखं आलं:

"बोल. घाबरू नकोस. मी इथेच आहे."

ओट्यापाशी आलं किसत असलेली सई मागं न वळताच म्हणाली, "हो काकू? मला काही म्हणालात का?"

सईनं वळून पाहिलं. कांचन तोंड मिटून बसली होती, आणि पडद्यावर पोर आईला शोधत होती.

"अगं, पण आत्ता तर..." सई म्हणाली. गॅसवर चहा वर आला, तो तिनं फुंकर घालून खाली बसवला.

कुजबुजताना माणसाचे स्वरतंतू कंप पावत नाहीत, आवाज होतो तो नुसत्या हवेचा. ऑफिसात नवीन माणूस आला की चैत्राली हे फळ्यावर घशाचं चित्र काढून समजावून सांगायची. गेल्या वर्षात निदान सहा जणांना सांगितलं असेल. तिनं डिस्क पुन्हा मागे नेली. पुन्हा ऐकलं. मग एकदा डोळे मिटून ऐकलं, आणि डोळे मिटलेले असताना ते कुठून येतंय, समोरून की शेजारून, हे तिला सांगता आलं नसतं.

"ढोल होते वर," कांचन सांगत होती. "मी बोललेलं टेकमध्ये आलं, पण तुझं इतकं सुंदर आलं होतं की त्र्यंबक म्हणाला, राहू दे, ढोलाखाली कुणाला ऐकू जातंय. हिंदी सीरियलमध्ये मराठी! चॅनेलला कळलं असतं तर दोघांना हाकललं असतं."

"आता ढोल कमी केलेत त्यांनी," चैत्राली म्हणाली. "नव्या मिक्समध्ये. म्हणून मला..." तिचा तक्ता फोनवर उघडाच होता. निष्काळजीपणाचा नमुना.

कांचननं मेथीची ताटली बाजूला ठेवली.

"आणि हे काढणार ते?"

"हो."

"सगळ्यांच्या डिस्कमधून?"

"हो, आई. मीच सांगितलं."

"विचारल्याशिवाय?"

चैत्रालीनं मान वर केली. आईच्या कपाळाची शीर ताठ झाली होती. तोमो गेला तेव्हा ही शीर हलली नव्हती. ऑपरेशननंतर शुद्धीवर येऊन पहिला शब्द बोलायला गेली आणि आला नाही, तेव्हाही नाही.

"माझा आवाज काढला, ठीक आहे. टेप खराब झाल्या असतील. माझं मी बघेन. पण माझ्या पोरीनं तीन टेक रडून, नाक ओढत दिलेलं वाक्य आहे ते! त्याला दोष म्हणतात? बदलतात? कोण समजतात कोण हे स्वतःला?" श्वास पुरेना म्हणून ती थांबली, सोफ्याच्या कडेला हात टेकवून उठली आणि जेवणाच्या टेबलावर पडलेला चैत्रालीचा लॅपटॉप स्वतः उचलून घेऊन आली. "लिही त्यांना."

"काकू, बसा, चहा घ्या आधी," सई म्हणाली.

"चहा नंतर. लिही गं."

चैत्रालीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. "काय लिहू?"

"लिही, की मुद्दा क्रमांक एकतीस मागे घेतला आहे. ऐकणाऱ्या बाईची चूक झाली."

चैत्रालीनं लिहिलं.

"लिही, भाग नऊ, चौदा मिनिटं... किती सेकंद?"

"बावीस."

"बावीस सेकंद. इथे काहीही चुकलेलं नाही. याला हात लावू नये. हलकं लिहू नकोस, तुझ्या त्या तक्त्यात लिहिलंस तसं लिही."

"लिहिलं. आणि पुरावा मागतील."

"मागू देत. म्हणावं, दोघी एका सोफ्यावर बसल्यात, या आणि ऐका."

सईनं तीन कप टेबलावर आणून ठेवले आणि सोफ्याच्या हातावर बसून स्क्रीनकडे पाहायला लागली. चैत्रालीनं ते वाक्यसुद्धा लिहिलं. मग ती थांबली, बोटं किबोर्डवर ठेवून.

"त्या वाक्याखाली नावं घालू? आवाज कुणाचे आहेत ते?"

कांचननं कप उचलला, फुंकर मारली. राग उतरला नव्हता, पण आता त्यात थोडा संकोच आला होता. तोंडासमोर कप धरून ती म्हणाली, "वेडी आहेस का? क्राउडची नावं कोण लिहितं?"

चैत्रालीनं लिहिली. आधी आईचं, मग आपलं.